रस्ता कोठवर न्यावा?

डोंगरमाथ्यावरील एखाद्या गावाने, किल्ल्याने किंवा देवस्थानाने पक्क्या रस्त्याची मागणी केली, की त्या मागणीभोवती दोन तट पडावयास विलंब लागत नाही. एका तटाचे म्हणणे असे, की आजारी माणसाला अजूनही डोलीत घालून खाली न्यावे लागते, शिध्याचे पोते माथ्यावर पोचेतो हमालीने महाग होऊन बसते, पावसाळ्यात मुलांची शाळा बुडते, तेव्हा रस्ता हा सरकारचा उपकार नसून रयतेचा हक्क आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की रस्त्यामागून मोटारी, मोटारींमागून हॉटेले आणि हॉटेलांमागून कचरा हा क्रम ठरलेला असून, ज्या वनश्रीसाठी अथवा ज्या इतिहासासाठी माणसे तेथवर येतात तीच वस्तू रस्त्यापायी नाहीशी होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे चालतो. परंतु ‘रस्ता हवा की नको’ या एकाच प्रश्नावर सारी शक्ती खर्च झाल्यामुळे त्याहून अधिक उपयुक्त असा एक प्रश्न मागे राहून जातो. तो प्रश्न म्हणजे रस्ता कोठवर न्यावयाचा, आणि जेथे तो संपेल तेथून पुढे माणसाने व मालाने कसे जावयाचे, हा होय.

दोन शहरांना जोडणारा हमरस्ता आणि एका ठिकाणी नेऊन सोडणारा पोचरस्ता यांच्यात जातीचाच फरक आहे. हमरस्ता वाटेतील एखादे नाजूक स्थळ चुकवून वळसा घेऊ शकतो, कारण त्याचे इष्ट स्थान अन्यत्र असते. पोचरस्त्याला मात्र ज्या स्थळाचे जतन करावयाचे त्याच स्थळी जावयाचे असते, आणि त्यामुळे त्याचे शेवटचे अर्धे किलोमीटर हे त्याच्या साऱ्या लांबीत अत्यंत जोखमीचे ठरते. असे असूनही बांधकाम खात्याच्या दप्तरातील अंदाजपत्रक उघडून पाहिले, तर त्यात खडीकरण, डांबरीकरण, मोऱ्या, संरक्षक भिंती यांची बारीकसारीक मोजमापे सापडतात. शेवटचे टोक मात्र मागणीअर्जातूनच जसेच्या तसे उचललेले असते. मागणी ‘महादरवाज्यापर्यंत’ अशी असेल तर आखणीही महादरवाज्यापर्यंत होते, आणि या टोकाऐवजी दुसरे टोक असते तर काय झाले असते, हे कोणी कागदावर मांडून पाहत नाही.

या शेवटाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी घाटरस्त्याचे थोडेसे गणित समजून घेणे अवश्य आहे. माणूस किंवा घोडा सरळ चढणीवर चढू शकतो. मोटारीला, विशेषतः भरलेल्या मालमोटारीला, मंद चढ लागतो. डोंगराळ मुलुखात वीस मीटर अंतरामागे एक मीटर, म्हणजे शेकडा पाचाच्या आसपास चढ असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. डोंगर चारशे मीटर उंच असेल तर या हिशेबाने रस्ता किमान आठ किलोमीटर लांबीचा झाला पाहिजे; आणि डोंगराची रुंदी तेवढी नसल्यामुळे ही लांबी मिळविण्यासाठी त्याच कड्यावर पुनःपुन्हा उलटी वळणे घ्यावी लागतात. पायवाट जो उतार एकदाच ओलांडून जाते तोच उतार रस्ता चार-सहा वेळा कापतो, आणि वरच्या वळणावरून ढासळलेली माती खालच्या वळणावर येऊन पडते.

रुंदीचे गणित तर याहूनही अधिक बोलके आहे. तीस अंशांच्या उतारावर चार मीटर रुंदीची सपाट पट्टी पूर्णपणे डोंगरात कोरून काढावयाची झाली, तर डोंगराच्या बाजूस सुमारे दोन मीटर तीस सेंटिमीटर उंचीची उभी कड तयार होते आणि दर किलोमीटरमागे सुमारे ४,६०० घनमीटर माती व दगड निघतो. तीच पट्टी आठ मीटर रुंद केली, तर कडेची उंची दुप्पट होते, पण निघणारा दगडमातीचा ऐवज चौपट होऊन १८,५०० घनमीटरांवर जातो. ‘होतोच आहे तर जरा मोठाच होऊ द्या’ असे जे वाक्य अशा प्रत्येक सभेत कोणी ना कोणी उच्चारतो, त्याची किंमत रुंदीच्या प्रमाणात नव्हे, तर रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात द्यावी लागते. आठ किलोमीटरांच्या घाटात हा फरक एक लाख घनमीटरांहून अधिक मलब्याचा होतो. आणि हा मलबा कोठे टाकावयाचा याची तजवीज अंदाजपत्रकात नसली, किंवा असूनही ठेकेदाराला ती परवडली नाही, तर तो दरीच्या बाजूस लोटून दिला जातो. रस्त्याच्या पट्ट्यात तोडाव्या लागणाऱ्या झाडांची गणती होते, त्यांवर क्रमांक घातले जातात, त्यांच्या बदल्यात किती रोपे लावावयाची तेही ठरते. पण या लोटलेल्या मलब्याखाली जी झाडे, जे झरे आणि जी पाणंद गाडली जाते ती कोणाच्याही यादीत येत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. सह्याद्रीच्या उतारावर पावसाचे पाणी शेकडो लहान धारांनी, झाडांच्या मुळांतून व पालापाचोळ्यातून झिरपत खाली येते. रस्त्याची कड या साऱ्या धारा आडवते, गटारात गोळा करते आणि ठराविक अंतरावरील मोऱ्यांतून एकदम खाली सोडते. जे पाणी पूर्वी विखुरलेले होते ते आता एकवटलेले असते. मोरीच्या तोंडाखाली पहिल्या वर्षी घळ पडते, पुढे ती ओढ्याएवढी होते, आणि काही वर्षांनी तीच घळ मागे सरकत सरकत रस्त्याचाच पाया पोखरते. घाटरस्ता पावसाने खचला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्या रस्त्यानेच गोळा केलेल्या पाण्याने तो खचलेला असतो.

आणि ही सारी पाहणी व्हावी कोणत्या ऋतूत, हाही प्रश्न गौण नाही. मोजणीदार साधारणतः हिवाळ्यात व उन्हाळ्यात डोंगर फिरतो, कारण त्या वेळी वाटा मोकळ्या आणि दृष्टी दूरवर पोचणारी असते. पण साताऱ्याजवळचे कासचे पठार मे महिन्यात पाहिले, तर काळ्यातांबड्या जांभ्याच्या कातळापलीकडे तेथे काही दिसत नाही, आणि कोणीही प्रामाणिक अभियंता त्याची नोंद ‘पडीक’ अशीच करील. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तेच कातळ फुलांनी भरून जाते. साताऱ्याच्या परिसराबाहेर क्वचितच आढळणारा वायतुरा तेथील उथळ डबक्यांत उगवतो, आणि बोटभर मातीच्या थरावर कीटकभक्षी वनस्पतींपासून कंदीलपुष्पापर्यंत एक सबंध वनस्पतिकुल आपला संसार थाटते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचाही समावेश आहे. अशा कातळी सड्यावर एकही वृक्ष तोडावा लागत नाही, म्हणून झाडांच्या यादीत हानी शून्य. प्रत्यक्षात मात्र मोटारी उभ्या करण्यासाठी मुरमाचा एक थर पसरला, की ती भूमी कायमची मेली. यासाठी आखणीपूर्वी निदान एक पावसाळा त्या डोंगरावर घालवावा, पाणी कोठून वाहते आणि काय उगवते ते पाहावे, आणि मगच नकाशावर रेघ ओढावी, ही अट कोणत्याही यंत्राहून अधिक मोलाची आहे.

निसर्गाच्या हानीचे निदान मोजमाप तरी करता येते. इतिहासाच्या हानीचे तसे नाही, कारण पुष्कळदा नेमके कशाचे जतन करावयाचे हेच आपल्या ध्यानी आलेले नसते. किल्ला म्हटला की तट, बुरूज, वाडे, कोठारे आणि टाकी यांवर दृष्टी जाते. परंतु किल्ल्याला जाणारी वाट हीदेखील किल्ल्याचेच एक अंग आहे, हे विसरले जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी जो विचार आहे, त्यात गडाची वाट सुगम राहू देऊ नये, ती अवघड करावी आणि भोवतीची झाडी राखावी, असा स्पष्ट उपदेश आढळतो, आणि त्याच ग्रंथात रयतेची आंब्याफणसाची झाडे बळजबरीने तोडू नयेत, अशीही ताकीद आहे. शिवकालीन गडांचे दरवाजे दोन बुरुजांच्या कुशीत असे दडविलेले असतात, की चढून येणाऱ्याला शेवटच्या वळणापर्यंत ते दिसत नाहीत. वाट तटाखालून अशी फिरविलेली असते, की वरच्या पहारेकऱ्याच्या माऱ्यातून कोणाची सुटका होऊ नये. ही वाट चढल्यावाचून त्या दरवाज्याचे प्रयोजनच उमगत नाही. मोटार थेट दरवाज्याशी नेऊन उभी केली, तर दरवाजा शाबूत राहतो, एक दगडही हलत नाही, आणि तरीही तेथे बांधणाऱ्याने जे सांगितले होते ते पुसले जाते.

पन्हाळ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या वायव्येस वीस किलोमीटरांवर, भोवतालच्या मुलुखाहून सुमारे चारशे मीटर उंच असलेला हा विस्तीर्ण गड शिलाहार भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतला. १६५९ च्या नोव्हेंबरात तो शिवाजी महाराजांच्या हाती आला. सिद्दी जौहरचा वेढा आणि १६६० च्या जुलैतील विशाळगडाकडचे प्रयाण या घटना तर प्रत्येक मराठी मुलाला मुखोद्गत असतात. या गडाच्या तीन प्रमुख दरवाज्यांपैकी तीन दरवाजा व वाघ दरवाजा आज पाहावयास मिळतात. चार दरवाजा मात्र उरलेला नाही. १८४४ साली गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध जे बंड केले ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी तो पाडून टाकला, आणि आज मोटारीने गडावर जाणारा प्रवासी त्याच जागेवरून, त्याला तेथे काही होते याची जाणीवही न होता, आत शिरतो. गडावर नांदती वस्ती आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, सबब तेथे रस्ता नको असे म्हणणे हा निव्वळ दुराग्रह ठरेल. पण २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत हा मुख्य रस्ता खचला, तेव्हा या एकाच वाटेवर विसंबलेल्या गावाची कोंडी झाली. आणि जेथे ऐतिहासिक तट, ठिसूळ उतार व मोटारीचा रस्ता हे तिन्ही एकमेकांना खेटून बसले आहेत तेथे दुरुस्तीचे काम किती नाजूक होते, याचाही अनुभव आला. भिंत भक्कम करावी तर तटाला धक्का लागतो, रस्ता सरकवावा तर उतार कापावा लागतो. २०२५ च्या जुलैत ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हा तेथे येणाऱ्या गर्दीचा व रस्त्यांच्या मागण्यांचा ओघ यापुढे वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

याच यादीतील रायगडावर वेगळा मार्ग पत्करण्यात आला. रस्ता पाचाडपर्यंत व तेथून पायथ्यापर्यंत येऊन थांबतो. पुढे चौदाशेहून अधिक पायऱ्यांची चढण आहे, आणि ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. रज्जुमार्ग दृष्टीला खटकतो अशी तक्रार करता येईल, आणि ती खोटीही नाही. परंतु त्याने डोंगराची कड कापली नाही, पाण्याच्या वाटा अडविल्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे महादरवाज्याची वाट जशी होती तशी राहू दिली. उद्या तो नकोसा झाला तर तो उतरवून नेता येईल. परत घेता येणारा निर्णय आणि परत न घेता येणारा निर्णय यांतील हा भेद नियोजनाच्या शास्त्रात फार मोलाचा आहे. कोरलेला डोंगर पुन्हा भरून काढता येत नाही.

रस्ता थांबविण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना व सर्वांत शिकविणारा प्रयोग मात्र गडावर नव्हे, तर माथेरानला झाला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या पठाराकडे लक्ष वेधल्यावर ते मुंबईकरांचे विश्रामस्थान बनले. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने व चिकाटीने नेरळपासून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी आगगाडी सुरू झाली, आणि सुमारे साडेसातशे मीटरांचा चढ तिने एकवीस किलोमीटरांच्या नागमोडी मार्गाने, कोठेही वीसास एक याहून तीव्र चढ न घेता, पार केला. पुढे मोटारीचा रस्ताही झाला, पण तो दस्तुरी नाक्यापाशी थांबला. तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट, घोडे, हातरिक्षा आणि माणसाचे पाय यांच्याच स्वाधीन राहिले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरांचा टापू परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि नाक्यापलीकडे रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांखेरीज मोटारींना मज्जाव हा जुना रिवाज कायद्याच्या कक्षेत पक्का झाला. आजही नाक्यावर उतरून दहा मिनिटे चालले, की इंजिनाची घरघर मागे पडते, जांभळीच्या फांद्या वाटेवर कमान धरतात आणि दुपारच्या उन्हातही वाटेवर सावली सोबत करते. मुंबईपासून इतक्या जवळच्या डोंगरमाथ्यावर हे टिकून राहिले, याचे श्रेय एका नाक्याला दिले पाहिजे.

परंतु नाक्याच्या पलीकडची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही. रस्ता थांबला म्हणून ओझे थांबत नाही. गॅसची टाकी, सिमेंटचे पोते, भाजीची पाटी, म्हातारे प्रवासी आणि त्यांच्या पेट्या हे सारे नाक्यावरून पुढे कोणीतरी वाहून न्यावयाचे असते, आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे हमाल, घोडेवाला आणि माणसाला बसवून चढावर गाडी ओढणारा हातरिक्षावाला. पठाराची शांतता ज्यांच्या खांद्यांवर उभी होती त्यांचा विचार करावयास आपल्याला फार उशीर लागला. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात आगगाडीचा मार्ग वाहून गेला व तो सुरळीत व्हावयास २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या अखेरीस कोठे परतली. अशा प्रत्येक खंडात हे ओझे अधिकच वाढले. अखेर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने विजेवर चालणाऱ्या रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय नव्या रिक्षांतून करावी, असा आदेश दिला.

रिक्षा आली आणि तिच्यामागोमाग वाटेच्या पृष्ठभागाचा तंटा आला. पावसाने तांबडी माती वाहून जाते व चाके रुततात, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवावे असा एक पक्ष; ब्लॉकांवरून घोड्यांचे पाय घसरतात आणि पाणी मुरावयाचे थांबते, असा दुसरा पक्ष. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर ब्लॉकांना मुभा दिली, पण आतील वाटा व पॉइंटांकडे जाणाऱ्या पाऊलवाटा मातीच्याच राहाव्यात असे बजावले. बारकाईने पाहिले तर हा निर्णयही शेवट कोठे असावा याचाच आहे. मोटारीचा शेवट दस्तुरीला, रिक्षेचा व ब्लॉकांचा शेवट पुतळ्याशी, आणि तेथून पुढे पायी. असा टप्प्याटप्प्याने हलका होत जाणारा मार्ग ही माथेरानने उशिरा व अडखळत का होईना, पण शिकलेली गोष्ट आहे.

हा शेवट आरंभीच न ठरविल्यास पुढे काय होते, ते पाहावयास इंग्लंडमधील स्टोनहेंजपर्यंत जावे लागेल. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिळावर्तुळाला अगदी खेटून ए ३४४ हा रस्ता जात असे. वर्तुळाकडे येणारा जो प्राचीन वीथिमार्ग, तो या रस्त्याने मधोमध तोडला होता. कित्येक दशकांच्या चर्चेनंतर २०१३ साली तो भाग बंद करून त्यावर गवत पेरण्यात आले, आणि प्रवाशांचे केंद्र दोन किलोमीटरांहून अधिक दूर नेऊन तेथून शिळांपर्यंत वेगळ्या गाड्या सुरू करण्यात आल्या. म्हणजे तेथेही अखेर एक दस्तुरी नाका उभारावा लागला. दक्षिणेकडून जाणारा ए ३०३ हा मोठा रस्ता मात्र अजून तसाच आहे. तो सुमारे सव्वातीन किलोमीटरांच्या बोगद्यात घालावा, अशी योजना २०२० च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड जागतिक वारशाच्या हद्दीतच उघडणार, या कारणाने पुरातत्त्वज्ञांचा तिला विरोध होता. २०२१ च्या जुलैत उच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली, आणि रद्द करताना कमी हानीच्या पर्यायांचा पुरेसा विचार झाला नाही, हेही एक कारण दिले. २०२३ मध्ये सरकारने योजना पुन्हा मंजूर केली, आणि २०२४ च्या जुलैत नव्या सरकारने खर्चापायी ती सोडून दिली. एकदा भलत्या जागी पडलेला रस्ता हलविणे हे श्रीमंत राष्ट्रालाही किती जड जाते, आणि पर्यायांचा कागद कोरा ठेवला तर तो पुढे न्यायालयात कसा बाहेर येतो, हे दोन्ही यातून दिसते.

आपल्याकडील कायद्यांत या विचाराला जागा नाही असे नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित व त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरविले. वनजमीन वळवावयाची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. पण पर्यावरणावरील आघाताचे मूल्यमापन सक्तीचे करणारी २००६ ची अधिसूचना मुख्यतः मोठ्या महामार्गांवर नजर ठेवून लिहिलेली आहे. एखाद्या कड्यावर चढणारा चार-आठ किलोमीटरांचा पोचरस्ता तिच्या कक्षेत सहसा येतच नाही. सबब देशातील सर्वांत नाजूक स्थळांना भिडणारे रस्ते हेच सर्वांत कमी तपासणीने पार पडतात. शंभर मीटरांची रेघही आंधळी असते: किल्ल्याची जुनी वाट स्मारकाच्या तटापासून किलोमीटरभर खाली सुरू होत असेल, तर ती मोडणारा रस्ता त्या रेघेला स्पर्शही करीत नाही.

म्हणून कायद्याने सांगितले नाही तरी विवेकाने सांगितले पाहिजे, असे काही दंडक गावाने व खात्याने आपणहून पाळावयास हवेत. पहिला असा, की गरज कोणाची ते नावानिशी लिहावे. गावकऱ्याची गरज आणि प्रवाशाची सोय या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि सर्व घोटाळा पहिलीच्या नावावर दुसरी मंजूर करून घेण्यातून होतो. बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयाचे, शिधावाटपाचे धान्य वर चढवावयाचे, तर चार मीटरांची पट्टी व तीवर अधूनमधून गाड्या एकमेकींना वाट देतील अशा जागा एवढ्याने भागते. आठ मीटर रुंदी व माथ्यावर शंभर मोटारींचा तळ लागतो तो रविवारच्या गर्दीला. मघाशी पाहिलेले चौपट खोदाईचे गणित येथे उपयोगी पडते: बाळंतिणीच्या नावाने डोंगर चौपट कापला जात असेल, तर तो हिशेब ग्रामसभेत उघडपणे मांडला गेला पाहिजे.

दुसरा दंडक असा, की टोकाचे निदान तीन पर्याय नकाशावर काढावेत. एक मागितलेले टोक, एक त्याच्या अलीकडचे, आणि एक अगदी पायथ्याचे. आणि प्रत्येकासमोर खोदाई किती, मलबा कोठे, पाण्याच्या वाटा किती तुटतात, जुनी वाट व जुने अवशेष किती उरतात, हे सारखेच तपशिलाने लिहावे. तिसरा दंडक, टोकापलीकडच्या वाहतुकीची तरतूद रस्त्याच्याच अंदाजपत्रकात करावी; पायऱ्यांची डागडुजी, विजेची छोटी गाडी, रज्जुमार्ग, हमालांना रास्त मजुरी, आजाऱ्यासाठी सदैव तयार साधन, जे काही असेल ते. ही तरतूद ज्या योजनेत नाही ती योजना निसर्गाचे रक्षण करीत नाही. ती केवळ आपल्या वाटणीचे ओझे गरिबाच्या पाठीवर टाकते, आणि असे रक्षण फार काळ टिकत नाही, कारण ज्याची पाठ मोडते तोच माणूस उद्या ‘रस्ता वरपर्यंत आणा’ म्हणून सर्वांच्या पुढे उभा राहतो, आणि त्याचे काही चुकत नसते.

यांपैकी कोणत्याही दंडकाला मोठे तज्ज्ञमंडळ वा परदेशी सल्लागार लागत नाही. शाखा अभियंता, वनरक्षक, पुरातत्त्व खात्याचा एखादा जाणकार आणि गावातील दोन म्हातारी माणसे, ज्यांना कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो व जुनी पालखीची वाट कोठून जात असे हे ठाऊक आहे, एवढ्यांनी एक पावसाळा मिळून डोंगर पायी चढला, तर नव्वद टक्के प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी मिळतील. उरलेला प्रश्न तांत्रिक नाही. आपण ज्या स्थळावर प्रेम करतो असे म्हणतो त्याच्यासाठी शेवटचा एक किलोमीटर चालण्याची आपली तयारी आहे काय, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्या वाहनाचा खर्च आपण सारे मिळून देणार आहोत काय, एवढेच प्रवाशांनी स्वतःला विचारावयाचे आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर रस्ता करणाऱ्याचे काम पुष्कळ सोपे होते. ते नकारार्थी असेल तर कितीही निष्णात अभियंत्याने केलेली आखणी महादरवाज्यातून आत शिरल्यावाचून राहणार नाही.